घराण्याचं रक्त

शर्टाची डावी बाही कोपराच्या वर सारायची, कोपरात फुगलेली शीर दोन बोटांनी टकटक वाजवायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत म्हणायचं, "ह्या बघ. ह्या घराण्याचा रगत!" समोर कोण आहे याला महत्त्व नसे. पोदेर सायकलवर पाव घेऊन आला तर त्याला, मीटर बघायला वीजखात्याचा माणूस आला तर त्याला. एकदा समुद्रकिनाऱ्याचा रस्ता चुकून आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, शिरलेल्या दिल्लीच्या एका जोडप्यालाही त्यांनी ती शीर दाखवली होती. त्या बाईने घाबरून गाडीची काच वर केली.

तुमच्याही गावात असा एक असणारच. आमच्या हळर्णला ते होते, आणि नेमके आमच्या घरासमोर. गाव त्यांना मानकरी म्हणे. दसऱ्याला देवळातून तरंग निघतं. तरंग म्हणजे लुगड्यांच्या घड्यांनी मढवलेला देवाचा उंच खांब. तो उचलण्याचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात, आणि घरातही थोरल्याकडे. धाकट्या भावाने फार तर बाजूने चालायचं. मानकऱ्यांच्या धाकट्या भावाने आयुष्यभर ते बाजूने चालणं इमानाने केलं.

मी उपकेंद्रात नर्स होते, म्हणजे लोकांच्या तब्येतीत नाक खुपसण्याचा मला पगार मिळत होता. पण मानकऱ्यांपुढे माझी डाळ शिजत नसे. प्रेशर बघूया म्हटलं की ते म्हणत, "आमच्या घराण्यात ह्या नाय, बाय." पेपर हात लांब करून वाचत, आणि चष्मा करून घ्या म्हटलं तर घराण्यात चष्मा नाही. नाक वाहत असे तेव्हा पडसं घराण्यात नाही, ती रस्त्याची धूळ. एप्रिलात काजूच्या दिवसांत सोप्यावर, ओसरीतल्या कट्ट्यावर, बसून काजूच्या बोंडांची उर्राक घेत, आणि मी भुवया वर केल्या की सांगत, "आमच्या घराण्यात पिऊन कोण मेलो नाय. आजो मेलो तो सोडल्यार." कप्पाळ!

तर एका वर्षी गावातल्या पोरांनी शाळेत रक्तदानाचं शिबिर ठेवलं. मानकरी पांढरा सदरा घालून सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. खाटेवर आडवे झाले आणि पिशवी भरत असताना मला म्हणाले, "ज्याक ह्या मिळात, तो शंभर वर्सां जगतलो." मग बिस्किटं खाल्ली, कॉफी प्यायले आणि दुपारभर वाड्यावर बाही वर करून हिंडले. कापसाचा बोळा कोणी काढायला सांगेपर्यंत त्यांनी काढला नाही.

दोन-तीन दिवसांनी रक्तपेढीचा फोन आला. एकदा येऊन डॉक्टरांना भेटा, तुमचं रक्त आम्हाला वापरता येणार नाही.

मानकरी तसेच रस्ता ओलांडून माझ्या अंगणात आले. चेहरा उतरलेला. मुलीचं ठरलेलं लग्न मोडल्यावर बापाचा होतो तसा. "परत धाडला गो," म्हणाले. "आमचा रगत परत धाडला. काय तरी चूक झाली आसतली. पिशये बदलले आसतले." मी पुन्हा तपासून घेतलं. पिशवी कोणीच बदलली नव्हती. त्यांना हेपेटायटिस सी होता, आणि तो आजचा नव्हता, कित्येक वर्षं निवांत मुक्काम ठोकून बसलेला. हा आजार असाच चोर. ना दुखत, ना खुपत. माणूस तरंग उचलतो, उर्राक पितो, पडसं नाकारतो, आणि आत लिव्हर हळूहळू निबर होत जातं.

कुठून आला? विचारता विचारता त्यांनाच आठवलं. लहानपणी गावात एक फिरता कंपाउंडर येई. काचेची एक सिरिंज आणि एकच सुई. गरम पाण्यात बुचकळली की झाली शुद्ध. हिवतापाच्या एका साथीत त्याने वाड्यावरच्या पोरांना ओळीत उभं करून टोचलं होतं. "माका टोचली, आणि लगेच धाकल्याक," मानकरी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी धाकट्यांचं रक्त घेतलं. त्यांनाही तोच आजार होता. विषाणूची जातसुद्धा एकच निघाली. मानकऱ्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मुलगी दीक्षा, दोघींचं तपासलं. त्या सुटल्या होत्या. मी देवाला हात जोडले.

तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत रोज मूठभर कॅप्सुली, आणि हे सगळं सालभर. पणजीकडचे लिव्हरचे डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायची हौस मोठी. ते दोघा भावांना म्हणाले, "हे इंजेक्शन स्वतः विषाणूला मारत नाही. ते तुमच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना हाक मारतं. काही जणांचे पहारेकरी हाकेसरशी उठतात. काहींचे कूस बदलून झोपतात. ते कसे असणार हे बरंचसं जन्मतः ठरलेलं असतं. एक चिठ्ठी आईकडून येते, एक वडिलांकडून. ती बघायची तपासणी आहे, रक्त मुंबईला पाठवावं लागतं. निकाल म्हणजे हमी नव्हे हं, अंदाज. पण सालभराचं जड औषध आहे, तर अंदाज असलेला बरा."

जन्म, आई, वडील, हे शब्द ऐकले आणि मानकरी खुर्चीत ताठ झाले. हा तर त्यांचाच विषय! धाकट्यांनी हात पुढे करून रक्त दिलं. मानकऱ्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी बाही खाली ओढून बटण लावलं.

"माझा कित्याक? एकाच झऱ्याचा पाणी. त्याचा बघितलास म्हणजे माझा बघितलास."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, वहिनींनी डोळे वटारले. छे! "आमच्या घराण्यात दोन तऱ्हा नाय." डॉक्टर शेवटी म्हणाले, असू दे, या तपासणीवाचून औषध अडत नाही.

धाकट्यांचा निकाल आला. उत्तम. दोन्ही चिठ्ठ्या जाग्या पहारेकऱ्यांच्या. आता हा निकाल कुणाचा? धाकट्यांचा. आणि वाड्यावर तो मिरवला कुणी? "आमच्या घराण्याचो रिपोर्ट इलो! मुंबयचे डॉक्टर पण थक्क जाले." पोदेर बिचारा सायकलचा भोंपू वाजवायचा थांबून ऐकत राहिला. मी समोरच्या अंगणातून ओरडले, "अहो, तो तुमच्या भावाचा आहे!" तर म्हणाले, "तेंच सांगतंय मी."

इंजेक्शनं सुरू झाली. दर शनिवारी दोघं भाऊ उपकेंद्रात येत. पोटाच्या कातडीखाली टोचायचं असे. धाकटे डोळे मिटत, आणि मानकरी मला सुई कशी धरायची ते शिकवत. रात्री दोघांनाही हुडहुडी भरून ताप येई. तोंडाची चव गेली, केस गळायला लागले, जिना चढताना धाप लागू लागली. धाकटे कण्हत. मानकरी कण्हत नसत, ते घराण्यात नव्हतं. ते सोप्यावर घोंगडी पांघरून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत. एका शनिवारी मला म्हणाले, "बाय, जीव जाता गो." मग लगेच इकडेतिकडे बघून, "कोणाक सांगू नको."

तीन महिन्यांनी तपासलं. धाकट्यांच्या रक्तात विषाणू सापडेना. मानकऱ्यांचा थोडा कमी झाला होता, इतकंच. सहा महिन्यांनीही तो तसाच ठाण मांडून होता. डॉक्टरांनी त्यांचं औषध थांबवलं आणि या वेळी काही न विचारता मला म्हणाले, "सिस्टर, यांचंही रक्त मुंबईला पाठवा." मानकऱ्यांनी बाही वर केली. शीर वाजवली नाही.

निकाल मीच घेऊन गेले. दोन्ही चिठ्ठ्या झोपाळू पहारेकऱ्यांच्या होत्या. मी सरळ सांगितलं, कारण आडवळणाने सांगितलेलं त्यांना चालत नसे. ते सोप्यावर बसले होते. समोर आमचं तुळशीवृंदावन, मागे माडांच्या पलीकडे किल्ल्याचा पडका बुरूज. त्यांनी बराच वेळ बुरुजाकडे बघितलं.

"मगे धाकलो घराण्यातलो," ते म्हणाले. "आणि मी कोण?"

मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. हा माणूस मरणाला भ्यायला नव्हता. लिव्हर आणखी निबर होणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. पण आपलंच रक्त आपल्याला परकं झालं, हे त्यांच्या काळजाला लागलं होतं. त्या दिवसापासून ते धाकट्यांशी बोलेनात. धाकटे शनिवारी एकटेच येत, इंजेक्शन घेऊन बाकावर बसत आणि म्हणत, "सिस्टर, मी बरो होतंय, हो माझो गुन्हो काय?"

मग माझं डोकं सटकलं. आजार एकाला, रुसवा दुसऱ्यावर, आणि मधल्यामध्ये मी! तडक गेले सोप्यावर आणि म्हटलं, "इकडे बघा. भावाकडे दोन चिठ्ठ्या आहेत, एक आईची, एक वडिलांची. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्याकडे दोन आहेत. एक आईची, एक वडिलांची. त्या त्याच आई-वडिलांच्या ना, की दुसऱ्या कुणाच्या?"

"जिभेक हाड आसा काय तुझ्या?" ते उखडले.

"म्हणजे दोन्ही तऱ्हेच्या चिठ्ठ्या आई-वडील दोघांकडेही होत्या. वाटताना त्याला दोघांकडून जागी पडली, तुम्हाला दोघांकडून झोपाळू."

ते थांबले. "बापाशीकडे पण ही होती?"

"होती."

"आवशीकडे पण?"

"असल्याशिवाय तुम्हाला दोन कशा येतील?"

मानकऱ्यांनी घोंगडी बाजूला केली. चेहऱ्यावर हळूहळू रंग चढायला लागला. "मगे ही पण घराण्यातलीच म्हण ना! दोनय बाजूंनी इलेली!" आणि आत बघून ओरडले, "गो, सिस्टरीक चाय हाड! उंडो पण हाड!" त्या दिवशी मी चहात उंडा, पोदेराचा तो गोल पाव, बुडवून खाल्ला आणि त्यांनी मला झोपाळू चिठ्ठीची थोरवी सांगितली. दीक्षा दाराआड तोंडावर ओढणी धरून हसत होती.

दसरा आला. अंगात रक्त पुरतं भरलं नव्हतं, चेहरा पिवळा. वहिनी म्हणाल्या, यंदा धाकट्या भावोजींनी उचलू दे. मानकऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. देवळापुढे सनई-ढोल सुरू झाले, त्यांनी कमरेला पट्टा आवळला आणि तरंग उचललं. माझा तर जीव टांगणीला. पहिल्या वळणापर्यंत ठीक गेले. मग तो खांब डोलायला लागला. लोकांना वाटलं देवाचा संचार झाला, त्यांनी हात जोडले. मला दिसत होते त्यांचे थरथरणारे गुडघे.

बाजूने चालणारे धाकटे पुढे सरकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तरंगाला हात लावला, दादाच्या हातांच्या खाली.

"सोड," मानकरी दातओठ खात म्हणाले.

"सोडूचंय नाय, दादा."

"सोड म्हणतंय ना!"

"नाय."

ढोल वाजतच होता. चार पावलं गेली असतील. मानकऱ्यांनी मान न वळवता म्हटलं, "धर रे. नीट धर." आणि असे दोघे मिळून ते तरंग घेऊन गेले, पार आपट्याच्या झाडापर्यंत आणि परत. मी रडले. कुणी विचारलं तर धूपाचा धूर म्हणून सांगितलं.

पुढची काही वर्षं वाट बघण्यात गेली. धाकटे पूर्ण बरे झाले. मानकऱ्यांचं पोट मधूनच फुगे, पाय सुजत. उर्राक त्यांनी सोडली. तेव्हापासून काजूच्या दिवसांत मी मुद्दाम त्यांच्याकडे ताक घेऊन जाई. ते ताकाकडे ज्या नजरेने बघत, ती नजर वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

मग नव्या गोळ्या आल्या. रोज एक, तीन महिने, इंजेक्शन नाही. मानकऱ्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "पण माझे चिठ्ये?"

"आता चिठ्ठीशी फारसं देणंघेणं नाही," डॉक्टर म्हणाले. "ही गोळी पहारेकऱ्यांना हाक मारत बसत नाही. सरळ विषाणूच्याच मानगुटीला धरते. हिला घराणं विचारावं लागत नाही."

मानकरी जरा दुखावले. "घराणा विचारीत नाय? कसली गोळी ती!" पण घेतली, एकही दिवस न चुकवता. तीन महिने संपले, वर आणखी तीन महिने थांबून पुन्हा तपासलं. विषाणूचा मागमूस नव्हता. त्या संध्याकाळी आमच्या फाटकात उभं राहून त्यांनी बाही वर सारली आणि इतक्या वर्षांनी शीर वाजवली. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

आणि त्यांनी लगेच विचारलं, "शिबिर कधी?"

हे मला सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं. आजार गेला तरी त्याची खूण रक्तात राहते. तपासणीत ती दिसते. रक्तपेढी असं रक्त घेत नाही, तुमचंही नाही आणि तुमच्या भावाचंही नाही.  मानकऱ्यांनी बाही हळूच खाली केली, बटण लावलं. पोदेर भोंपू वाजवत गेला, त्याला थांबवलंही नाही.

शिबिर झालं तेव्हा मी टेबलापाशी होते. बघते तर दारात दीक्षा, आणि तिच्या मागे पांढऱ्या सदऱ्यात मानकरी. दीक्षा डिचोलीला बँकेत लागली होती, मुद्दाम रजा काढून आली होती. माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांना सांगू नका हं, मला सुईची फार भीती वाटते." मग खाटेवर आडवी झाली आणि बाही वर सारली. कोपरात शीर टच्च फुगलेली, अगदी बापाची! मानकऱ्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पिशवी भरेपर्यंत तिच्यावरची नजर हलवली नाही.

"घेतल्यानी?" त्यांनी मला विचारलं.

"घेतलं."

"आता ते फोन करतले."

मी म्हटलं, अहो, काही निघालं तरच फोन करतात. ते त्यांना चांगलं माहीत होतं, म्हणूनच ते धास्तावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडते तर सोप्यावरून आवाज, "फोन इलो काय गो?" नाही म्हटलं. संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दीक्षाचा मोबाईल त्यांनी आपल्या मांडीवर ठेवून घेतला होता, ती बिचारी बँकेत फोनविना. आठवडा उलटला तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले आणि सांगितलं, "आता यायचा नाही. पोचलं ते रक्त. एव्हाना कुणाच्या तरी अंगात खेळतही असेल."

"नाय इलो?"

"नाय इलो."

मानकरी हसायला लागले. मांडीवर थाप मारून हसले, खोकला येईपर्यंत हसले. डोळ्यांतून पाणी आलं ते सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि म्हणाले, "जो कोण आसा तो, शंभर वर्सां जगतलो."

ते स्वतः तेवढे जगले नाहीत. विषाणू गेला होता, पण लिव्हरवरचे जुने वण गेले नव्हते, आणि त्या वणांतच पुढे गाठ झाली. फार दिवस काढले नाहीत. शेवटच्या आजारपणात त्यांना शिंका आल्या तेव्हा मी विचारलं, पडसं का? त्यांनी बोटाने उघड्या खिडकीकडे दाखवलं. धूळ.

तरंग आता धाकटे उचलतात. पहिल्या वळणावर नेहमी किंचित थांबतात आणि खांबावरचे हात खाली सरकवून धरतात, वरची जागा मोकळी ठेवून. त्यांना कोणी त्याबद्दल विचारत नाही.

यंदाही शिबिर झालं. दीक्षा आली, तिची भीती अजून गेलेली नाही, तरी बाही वर सारून आडवी झाली. मी आता निवृत्त आहे, नुसती मदतीला जाते. त्यानंतर रोज सकाळी फाटक उघडताना समोर नजर जाई. सोपा रिकामा. त्यावर वहिनींनी कोकमाची सोलं वाळत घातलेली.

आठवडा झाला तशी मी रस्ता ओलांडून गेले. सोप्याच्या पायरीशी उभी राहिले. पोदेर नेमका तेव्हाच आला आणि माझ्याकडे बघायला लागला. बघू दे, म्हटलं. आणि त्या रिकाम्या सोप्याला मोठ्याने ओरडून सांगितलं, "ऐकलंत काय हो? फोन नाय इलो!"